कमळाकाकीच्या शिवल्यांचा अहवाल

काल्हेर,
१८ मार्च

तीर्थरूप रामनाथमामांस,

उन्नतीचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे खरोखरच वाकून. कंबरेत उसण भरली आहे, दोन आठवडे सरळ उभं राहता येत नाही. कारण पुढे ओघात येईलच.) तुमची प्रकृती आता कशी आहे? अन्नावर वासना आहे का? राहीमामींचे गुडघे काय म्हणतात? दीपेश अजून गच्चीत एकटाच बसतो का? इकडे सगळं ठीक.

तुम्ही म्हणाल, काल्हेर ते कशेळी अंतर ते किती, आणि भाची पत्र कसलं लिहिते! पण मामा, तुमचा फोन कायम स्पीकरवर असतो. मागे मी तुम्हाला एक खाजगी गोष्ट विचारली होती. तिचं उत्तर मामींनी दिलं, त्यावर शंका दीपेशने काढली आणि शेवटी 'पोरगी बरोबर बोलते' असं जो माणूस म्हणाला तो कोण होता, हे मला आजतागायत कळलेलं नाही. समक्ष यावं तर रस्त्यात कंटेनर आडवे पडलेले असतात. शिवाय या पत्रासोबत एक अहवाल जोडला आहे आणि तो आमच्या प्रयोगशाळेच्या नियमाप्रमाणे फक्त तुमच्याच हातात पडायला हवा. आता अहवाल म्हटला की आधी पार्श्वभूमी आली. त्यामुळे जे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे तेच पहिल्यांदा सांगते. राग मानू नका, पोटापाण्याच्या धंद्याची सवय आहे.

तर पार्श्वभूमी. २३ फेब्रुवारीला, रविवारी, दुपारी तुमच्या दारात तुमच्या मुलाचा, दीपेशचा साखरपुडा झाला. शेलारहून नवरीकडची मंडळी आली. जेवायला कोंबडी, तांदळाच्या भाकऱ्या, शिवल्यांचं सुकं, भात, आणि शेवटी फ्रूट सॅलड. सोमवारी संध्याकाळपासून दोन्ही गावांत माणसं उलट्या-जुलाबांनी आडवी पडायला लागली आणि मंगळवारपर्यंत आकडा त्रेसष्टावर गेला. तुमच्या होणाऱ्या व्याह्यांच्या बंगल्यात तीन बाथरूम आहेत (घर दाखवताना त्यांनी ती आपल्याला दोनदा दाखवली होती), त्या दिवशी ती तिन्ही कमी पडली. नवरीच्या आजीला दवाखान्यात ठेवून सलाइन लावावं लागलं. व्याह्यांचा निरोप आला, लग्नाची तारीख आजी घरी आल्यावर बघू. मग बुधवारी सकाळी तुम्ही कशेळीच्या नाक्यावर चहाच्या टपरीसमोर उभे राहिलात आणि चारचौघांत मोठ्याने सांगितलंत, की हे सगळं कमळीच्या शिवल्यांनी केलं.

कमळाकाकी चाळीस वर्षं त्या नाक्यावर शिवल्यांची पाटी घेऊन बसते. ओहोटी लागली की खाडीच्या चिखलात उतरायचं, हातांनी चाचपून शिवल्यांचे शिंपले काढायचे, धुवायचे आणि नाक्यावर वाटे लावायचे, याखेरीज तिने दुसरं काही केलेलं नाही. नवरा गेला तेव्हा तेरावं झाल्यावर चौदाव्या दिवशी ती पाटीवर होती. साखरपुड्याच्या शिवल्या तिनेच आणल्या, आणि शेजारधर्म म्हणून मागच्या अंगणात बसून तुमची भांडीही घासली. तुम्ही नाक्यावर बोललात त्याच्या दुसऱ्या दिवशी तिची पाटी भरलेली परत गेली. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. शनिवारी तिच्या शेजारी सुकट विकणाऱ्या बाईने आपलं गोणपाट चार हात लांब ओढून घेतलं.

सोमवारी काकी पाटीसकट आमच्या प्रयोगशाळेत आली. आमची जागा तुम्ही पाहिलेली नाही. एका गोडाऊनच्या वर दुसरा मजला, खाली लहान मुलांच्या डायपरचा साठा. परदेशी जाणारी कोळंबी, बाटलीबंद पाणी, कंपन्यांच्या कँटीनचं जेवण, असलं सगळं आमच्याकडे तपासायला येतं. खालच्या सिक्युरिटीवाल्याने काकीला अडवून विचारलं, "कौनसी कंपनी से?" काकी म्हणाली, "खुद की." त्याने रजिस्टरात कंपनीच्या रकान्यात 'खुदकी' असं लिहून तिला वर सोडलं. आमच्या रिसेप्शनच्या सोफ्यावर पाटी मांडीत घेऊन बसलेली काकी मला दिसली तेव्हा तिच्या बाजूला एका नामांकित पाणी कंपनीचा मॅनेजर नाकाला रुमाल लावून बसला होता. काकीने त्याला विचारलं, सर्दी झाली काय रे?

मला बघितल्यावर ती उठली नाही. बसूनच म्हणाली, "बाय, माज्या शिवल्या तपास. खराब हायत तं मी आजपासून पाटी खाली ठेवतंय. खराब न्हाय, तं तुज्या मामानी जिथं सांगलान तिथंच येऊन परत सांगाचा."

मी तिला म्हटलं, काकी, हे असं पटकन होत नसतं. ती म्हणाली, "व्हईल तवा व्हईल. मला आता येळच येळ हाय."

आता आमचे साहेब, मिलिंद सर. यांच्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्या स्वभावामुळे घडलं. गृहस्थ अतिशय सज्जन, आवाज कधी चढत नाही, पण नियमाच्या बाहेर केसभर हलत नाहीत. एकदा त्यांच्या स्वतःच्या सासूबाईंनी दिलेल्या लोणच्याच्या बरणीवर चुकून नमुना क्रमांक चिकटला, तर त्यांनी ते लोणचं तपासून बुरशी आढळल्याचा लेखी अहवाल सासूबाईंना टपालाने पाठवला होता. त्यांचं म्हणणं, नोंद झाली की तपासणी झालीच पाहिजे. त्यांनी काकीचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं, की पाटीतल्या शिवल्या उन्हातून आल्या आहेत, त्या चालणार नाहीत. खाडीतून नवा नमुना आपण स्वतः काढायचा, बर्फात ठेवून आणायचा. आणि साखरपुड्यातल्याच शिवल्या कुठे उरल्या असतील तर त्याही हव्यात.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला आम्ही तिघं खाडीवर गेलो. आपली पोरं मॉलमध्ये चालतात तशी काकी चिखलावरून चालत गेली. मी तिच्या मागोमाग पाच पावलं टाकली आणि सहाव्याला कंबरेपर्यंत आत गेले. (उसण ती हीच.) मिलिंद सर बांधावर छत्री घेऊन, हातात फॉर्म धरून उभे. मी छातीशी बर्फाचा डबा कवटाळून हळूहळू खाली जात होते आणि सर वरून अत्यंत सौम्य आवाजात विचारत होते, "मॅडम, पाण्याचं तापमान किती भरलं?" मी आकडा सांगितला. मग त्यांनी चिखलाचा रंग विचारला. रंग मला फार जवळून दिसत होता, तोही सांगितला. शेवटी काकीने माझ्या दोन्ही काखांत हात घालून मला उपटलं. डावी चप्पल तिथेच राहिली. काकी म्हणाली, राहू दे, पुढच्या वर्षी तिच्यात शिवल्या धरतील.

तिथे उभी असताना एक गोष्ट दिसली ती सांगते. काकी जिथे शिवल्या काढते त्याच्या वरच्या अंगाला बांधातून आठ-दहा पाइप खाडीत सुटलेले आहेत. कसले, ते वासावरून कळतं. त्यातला एक तुमच्या तीन नंबरच्या गोडाऊनच्या संडासांचा आहे. (तो मात्र वासावरून ओळखला नाही. पाइपावर रंगाने 'रा. पाटील' लिहिलंय.) शिवली बिचारी दिवसभर पाणी पोटात घेते, गाळते आणि सोडते. पाण्यात जे येईल ते तिच्या पोटात साठतं. आपण काय सोडलं याची नोंद तीच ठेवते म्हणा ना.

साखरपुड्यातल्या उरलेल्या शिवल्यांसाठी मी तुमच्या घरी आले तेव्हा तुम्ही शेतावर गेला होतात. राहीमामी म्हणाल्या, हो, एक डबा कच्च्या शिवल्या मी फ्रीजरमध्ये टाकल्यात, घेऊन जा. मामा, तुमच्या फ्रीजरमध्ये आइस्क्रीमचे अकरा डबे आहेत आणि एकातही आइस्क्रीम नाही. मामींनी वास घेतला, हलवून बघितला आणि मोठ्या खात्रीने एक माझ्या हातात दिला. प्रयोगशाळेत मी त्याच्यावर नमुना क्रमांक चिकटवला, सरांनी नोंद केली, ग्राहक म्हणून 'रामनाथ पाटील, कशेळी' असं लिहिलं (डबा ज्याच्या घरचा तो ग्राहक), आणि मग आम्ही झाकण उघडलं. आत साखरपुड्याचं फ्रूट सॅलड होतं. गोठलेलं, वर डाळिंबाचे दाणे.

मी म्हटलं, सर, चुकीचा डबा आला, परत देऊन येते. सर म्हणाले, "मॅडम, नोंद झालीय." मी पुन्हा कशेळीला गेले आणि दुसऱ्या खेपेला खरोखरच्या शिवल्या आणल्या. त्याच खेपेला मामी मला लिंबू सरबत देता देता म्हणाल्या, की बाई, तुझ्या मामांचं पोट साखरपुड्याच्या आदल्या दिवसापासूनच बिघडलं होतं. शनिवारी सात-आठ वेळा जाऊन आले, रविवारी सकाळीही मागल्या दारी फेऱ्या चालूच. कोणाला सांगू नको म्हणाले, शुभकार्यात कशाला. मामींनी हे अगदी सहज सांगितलं. त्यांच्यावर रागावू नका.

तपासणीचं फार लांबवत नाही. जंतूंसाठी आम्ही शिवल्यांचं मांस वाटून नळ्यांमध्ये घालतो आणि ऊब देऊन वाट बघतो. विषाणूसाठी शिवलीच्या पोटातली काळी गाठ तेवढी चाकूने काढून घ्यायची, एकेका शिवलीतून, आणि मग ती पीसीआर मशिनला लावायची. हे मशिन कोरोनात आणलेलं. तेव्हा लोकांच्या नाकातलं तपासायचं, आता शिवल्यांच्या पोटातलं. मी दोन दिवस मान खाली घालून काळ्या गाठी काढत बसले होते आणि मिलिंद सर शेजारी बसून फ्रूट सॅलडमधली केळी वेगळी करत होते. एकदाच त्यांनी मान वर न करता विचारलं, की त्या दिवशी जेवून कोण आजारी पडलं नाही? मी म्हटलं, मी. दोन ताटल्या शिवल्या खाल्ल्या, काही झालं नाही. आणि काय खाल्लं नाहीत? मी म्हटलं, फ्रूट सॅलड. मला केळं आवडत नाही. मग मला आठवलं, की नवरीच्या आजीला दात नाहीत, त्यांनी शिवली तोंडात घातली नव्हती. त्यांनी तीन वाट्या फ्रूट सॅलड खाल्लं होतं, तुमच्या आग्रहावरून. सर "हं" म्हणाले आणि पुढचं केळं उचललं.

निकाल असे. साखरपुड्यातल्या शिवल्यांत विषाणू नाही. खाडीतून काढलेल्या ताज्या शिवल्यांतही विषाणू नाही, पण मैल्याचे जंतू मर्यादेच्या कितीतरी वर. (नीट उकळल्या तर ते मरतात, आणि आपल्याकडे शिवली कच्ची कोणी खात नाही. तरीही चांगलं नाही ते नाहीच.) आणि फ्रूट सॅलडमध्ये नोरोव्हायरस, भरपूर. हा विषाणू आजारी माणसाच्या हातातून अन्नात उतरतो आणि ते अन्न पुन्हा चुलीवर चढणार नसेल तर मजेत राहतो. त्या दिवशी पातेल्यात कोपरापर्यंत हात घालून, चमच्याने कस्टर्ड मिळून येत नाही असं सगळ्यांना समजावत, ते कोणी कालवलं हे मी अहवालात लिहिलेलं नाही. अहवालात तसा रकाना नाही.

आता खरी अडचण. अहवाल फक्त ग्राहकाला द्यायचा आणि त्याबद्दल दुसऱ्या कोणाशी अवाक्षर काढायचं नाही, हा नियम. फ्रूट सॅलड तुमच्या नावावर. फ्रीजरमधल्या शिवल्याही तुमच्याच नावावर. काकीच्या नावावर निघालेला अहवाल एकच, खाडीचा. म्हणजे तिन्हींपैकी जो तिच्या विरुद्ध जातो तेवढाच तिला द्यायचा. सरांनाही ते जड गेलं असावं, कारण त्यांनी त्या दिवशी दुपारी डबा उघडला नाही. पण नियम तो नियम.

काकी आली. मी तिला अहवाल वाचून दाखवला. पाण्यात मैला आहे, तो शिवल्यांत उतरलाय, त्या जागेच्या शिवल्या काढू नकोस, पाइपांच्या खालचा पट्टा सोड आणि पार पलीकडच्या अंगाला जा, विकताना गिऱ्हाइकाला सांग की तोंडं उघडल्यावरही बराच वेळ उकळा. ती सगळं ऐकत होती. मग म्हणाली, "म्हंजे खारीच्या पान्यात घान हाय."

मी म्हटलं, हो.

"मंग मान्सं त्याच्यानीच आजारी परली?"

मी म्हटलं, या अहवालावरून तसं म्हणता येत नाही.

"तसं न्हाय, असं तरी म्हनता येतं का?"

मी म्हटलं, तेही नाही.

तिने माझ्याकडे बघितलं. लहानपणी तिने मला खाडीत पोहायला शिकवलं तेव्हा मी घाबरले की ती असंच बघायची. मग तिने कागदाची घडी केली, कमरेच्या पिशवीत घातली आणि जिना उतरून गेली. उतरताना तिने पायरीवर सांडलेलं पाटीचं पाणी पदराने पुसून घेतलं.

बाकी आनंद आहे. आजी घरी आल्या. व्याह्यांचा फोन तुम्हाला आलाच असेल, तारीख ४ मे धरली आहे. दीपेशने मला कळवलं, की त्यांनी दोनच अटी घातल्या आहेत. मासळी कोणाचीही आणा पण कमळीची नको, आणि फ्रूट सॅलड मात्र तुमच्याच हातचं हवं, आजींना अजून त्याची चव आठवते. त्यांना काय कळवायचं ते तुम्ही ठरवा. मी प्रयोगशाळेची माणूस, मला दुसऱ्याच्या घरगुती गोष्टींत पडता येत नाही.

अहवाल सोबत आहे. शेवटच्या पानावर तळाशी बारीक अक्षरात लिहिलंय, की हा निष्कर्ष फक्त मिळालेल्या नमुन्यापुरता आहे. ते आमचं नेहमीचं वाक्य आहे. तुम्ही ते फार मनावर घेऊ नका.

मामींना नमस्कार. दीपेशला म्हणावं, गच्चीवरून खाली ये, लग्न ठरलंय.

तुमची भाची,
उन्नती

ता. क. एक – नियम असा आहे की ग्राहकाने स्वतःचा अहवाल स्वतः कोणालाही सांगितला तर आमची काही हरकत नसते. हे मी सरांना विचारून घेतलं आहे. ते म्हणाले, "हरकत नाही," आणि थोड्या वेळाने आपण होऊन पुन्हा म्हणाले, "अजिबात हरकत नाही." त्यांना एकच गोष्ट दोनदा बोलताना मी नोकरी लागल्यापासून पहिल्यांदा ऐकलं.

ता. क. दोन – हे पाकीट बंद करायच्या आधी काल काकीला भेटले. वर तिचा खाडीचा निकाल लिहिलाय, तो तुम्हाला कळवायला तिची हरकत नाही, हेही विचारून घेतलं. ती आता पलीकडच्या अंगाला जाते, दीड तास जास्त चालावं लागतं. तिथला नमुना आम्ही तपासला, जंतू पुष्कळ कमी आहेत, पण घेणारं कोणी नाही. मी निघायला वळले तेव्हा तीच म्हणाली, "बाय, तू नको सांगू. मना म्हाईत हाय. मी मागल्या आंगनात भांरी घासत व्हती, तुजा मामा दर घरीला माज्यासमोरून जात व्हता. आन तसाच येऊन पातेल्यात हात घालत व्हता." मी विचारलं, मग तू नाक्यावर बोलली का नाहीस? ती म्हणाली, "मानूस आजारी व्हता. त्याला चारचौघांत काय बोलाचा?"

ता. क. तीन – तिला तुमचं भाषण नको आहे. तिने आपली पहिली अट मागे घेतली. म्हणाली, काही बोलू नको म्हणावं, नुसती पिशवी घेऊन ये आणि लोकांसमोर एक वाटा घेऊन जा. तेव्हा येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता नाक्यावर या. पिशवी मी आणते.

ता. क. चार – मामा, वर मी 'काल काकीला भेटले' असं लिहिलंय ते खरं आहे, पण त्याआधीचे दहा दिवस मी नाक्यावर स्कूटी न थांबवता, तोंड दुसरीकडे करून जात होते. साखरपुड्याच्या शिवल्यांत विषाणू नव्हता हे लिहिलेला कागद माझ्या पर्समध्ये होता. तेव्हा तुम्ही रविवारी एकटे नसाल. दुसरा वाटा माझा.